तेहतीस फुटांची साखळी

निपाणीच्या बाजारात आजही कुणालाही विचारा की कॉलेजच्या पोरांनी तो शेवटचा सामना कुणामुळे घालवला. उत्तर एकच मिळेल: 'पंधरा आणे'मुळे. हे एका मुलाचं टोपणनाव आहे. तो मुलगा आता तिशी ओलांडून गेला, लग्न झालं, मुलगी झाली, बेळगावजवळ मच्छे गावातल्या कारखान्यात चांगल्या जागी लागला, पण नाव तेच राहिलं. सामना त्याच्यामुळे गेला नाही. माझ्यामुळे गेला. हे मला सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं होतं. त्याला सांगायला मी दहा वर्षं लावली.

मी सरकारी मोजणीदार होतो. पस्तीस वर्षं या भागातले बांध मोजले, हद्दीचे दगड रोवले. भावाभावांची डोकी फुटायची वेळ आली की मला बोलावत, आणि मी साखळी टाकली की दोघंही गप्प बसत. मी गणित बोलायचो, आणि गणिताशी कोण भांडणार? आमची साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. साखळीचे सोळा भाग असतात, एकेका भागाला आणा म्हणतात. एक आणा दोन फुटांहून पाऊण इंच जास्त. पुढे यंत्रं आली, साखळ्या मोडीत निघाल्या, तेव्हा त्यातली एक मी घरी आणली. दर महिन्याला तिला तेल लावायचो. बायको म्हणायची, "माझ्या केसाला कधी लावलं न्हाईसा एवढं."

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी आमच्या शेजारच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉल आला. कसा आला ते सांगतो. कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेहून जुनी हेल्मेटं आणि खांद्यावर घालायची चिलखतं अशा चार पेट्या भरून पाठवल्या. प्राचार्यांना वाटलं हेल्मेटं मोटरसायकलीची आहेत, म्हणून त्यांनी ती प्राध्यापकांत वाटायला काढली. क्रीडाशिक्षक खानापूरकडचा तरुण होता. त्याने हा खेळ बेंगळुरूला दोन आठवड्यांच्या शिबिरात बघितला होता. त्याने पळत जाऊन पेट्या सोडवल्या आणि आठ दिवसांत संघ उभा केला.

संघ म्हणजे तालमीतली पोरं. अंगाने भक्कम, पण कुस्ती करून सगळ्यांचे कान मोडलेले, सुजून भज्यासारखे झालेले. ते कान हेल्मेटात जाईनात. मग खोबरेल तेल लावून हेल्मेट चढवायचं आणि सामना संपला की दोघांनी ओढून काढायचं. एकाचं दोन तास निघालं नाही. तो तसाच घरी गेला आणि आईने दार उघडलं नाही.

खेळ समजायला सोपा आहे. अंड्यासारखा चेंडू पोटाशी धरून पुढे पळायचं आणि समोरच्यांनी पाडायचं. गुडघा टेकला की तो डाव संपला. असे चार डाव मिळतात. चार डावांत दहा यार्ड पुढे गेलात तर आणखी चार डाव, नाही गेलात तर चेंडू समोरच्यांचा. हे दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांना बांधलेली साखळी घेऊन दोन माणसं कडेला उभी असतात. यार्डांचा हा हिशोब मला नंतर कळला; तेव्हा माझ्यासमोर सगळे 'एक साखळी' एवढंच म्हणत.

क्रीडाशिक्षक माझ्याकडे आला तो या साखळीसाठीच.

"अण्णा, मैदान आखून द्यायचं हाय. मैदानात लांबीला धा साखळ्या बसत्यात, दोन्ही टोकांना एकेक साखळी जादा. रुंदीला सव्वापाचाच्या जरा वर. आन सामन्याला साखळी धरायला बी तुमीच पायजे."

"साखळी माझी हाय," मी म्हणालो.

"मग तर झालंच की!"

एवढंच बोलणं झालं. साखळी किती लांब हे त्याने सांगितलं नाही, कारण सरकारी मोजणीदाराला काय सांगायचं असं त्याला वाटलं. मी विचारलं नाही, कारण साखळी किती लांब असते हे मला विचारायचं कारणच नव्हतं. आठवड्यात दिवस किती हे कोण विचारतं?

कॉलेजची जागा पूर्वी तंबाखू वाळवायचं खळं होतं. मी तिथे दोन दिवस उन्हात राबून मैदान आखलं. कोपरे काटकोनात, चुन्याच्या रेघा सरळ, दर साखळीला एक रेघ. प्राचार्यांनी बघून "काय सुंदर!" म्हटलं. मला निवृत्तीनंतर इतकं बरं पहिल्यांदाच वाटलं.

स्पर्धेत चार कॉलेजं होती. आमचं, बेळगावचं एक, कोल्हापूरचं एक आणि गोव्यातलं एक. प्रत्येकाशी एक सामना आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. पहिला सामना आमच्याकडे, बेळगावकरांशी. अख्खं गाव लोटलं. विड्या वळणाऱ्या बायका सुपं घेऊनच आल्या आणि कडेला बसून हात न थांबवता बघू लागल्या.

"मधनंच का थांबत्यात गं सारखं?"

"कुणाची तरी वाट बघत असतील."

"आन ते डोस्क्यावर टोपलं घालून एकमेकाच्या कानात काय सांगत्यात?"

"काय सांगणार? भूक लागलीय म्हणत असतील."

या बायकांत आमच्या मुख्य खेळाडूची आई होती. चेंडू घेऊन पळायचं काम त्याचं. उंचीने बेताचा, पण बैलासारखी मान आणि विलक्षण पाय. त्याची एक खास लकब होती. पळताना तो रेघांकडे बघत नसे. मनात पावलं मोजत असे. दहा यार्ड झाले असं वाटलं की तो चेंडू पोटात घेऊन स्वतःहून गुडघा टेकायचा, म्हणजे समोरून येणारी दांडगी पोरं अंगावर पडून चेंडू निसटायला नको. क्रीडाशिक्षक म्हणायचा, "ह्याच्या पायात टेप हाय."

तो सामना आम्ही हरलो. आमची पोरं पैलवानी खेळायची. एकेका डावात रेटून अडीच-तीन यार्ड, चार डावांत जेमतेम दहा. दर वेळी माझी साखळी ताणली की थोडंसं कमी. बेळगावची पोरं चेंडू लांब फेकून वीस-वीस यार्ड एका दमात घ्यायची. त्यांना साखळीशी कामच पडेना. आमच्या बाजूला एकच गोष्ट होती. कुणी पडलं की जमिनीतून जुन्या तंबाखूची धूळ उडायची आणि पाहुणे शिंकायचे. त्यावर सामना जिंकता येत नाही. जाताना त्यांचा कप्तान नाक पुसत म्हणाला, "तुमचं ग्राउंड लई लांब वाटतंय हो." आम्ही म्हणालो, दमलाय म्हणून वाटतंय.

मग पोरं बेळगावला गेली आणि जिंकून आली. कोल्हापूरला गेली, जिंकून आली. कोल्हापूरकर आमच्याकडे आले, आम्ही हरलो. गोव्याला मीही टेंपोतून गेलो. कणकुंबीपर्यंत टिकलो. पुढच्या घाटात पोट ढवळलं ते सामना संपेपर्यंत टेंपोतच आडवा राहिलो. तिथली साखळी मी बघितली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. तिथेही आम्ही जिंकलो.

बाहेर तीन सामने, तीन विजय. घरी दोन, दोन्ही पराभव. आता गोवेकरांशी घरचा शेवटचा सामना, जिंकणाऱ्याला करंडक. गावात चर्चा सुरू झाली की मैदान बाधलंय. खळ्यावर पूर्वी कोण मेलं होतं याच्या आठवणी निघाल्या. क्रीडाशिक्षकाने मैदानाच्या चारी कोपऱ्यांवर नारळ फोडले, मध्ये लिंबू पुरलं. एका प्राध्यापकाने मैदानाची दिशा चुकली असल्याची शंका काढली. ती तपासायला मला बोलावलं. मी होकायंत्र घेऊन मोठ्या गांभीर्याने फिरलो आणि मैदान उत्तर-दक्षिण बिनचूक आहे असा निर्वाळा दिला. मैदानाची दिशा तपासली, लिंबू किती खोल आहे तेही तपासलं. साखळी तेवढी तपासली नाही.

शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला आम्ही तीन गुणांनी मागे होतो आणि गोवेकरांच्या टोकाजवळ पोचलो होतो. चौथा डाव. चेंडू आमच्या त्या मुलाकडे. तो डावीकडून फुटला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला खांद्याने उडवलं. समोरून दोन राक्षस धावत आले. ते पोचायच्या आधीच तो चेंडू पोटाशी घेऊन शांतपणे खाली बसला आणि हसत हात वर केला. आमचे लोक नाचायला लागले. आणखी चार डाव मिळणार होते आणि टोक तर समोरच दिसत होतं.

पंचाने साखळी मागवली. कॉलेजच्या शिपायाने मागचं टोक धरलं, मी पुढचं ताणलं. चेंडू कमी पडला. पंचाने विचारलं, किती? पस्तीस वर्षांच्या सवयीने मी खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "पंधरा आणे!"

चेंडू गोवेकरांना गेला. सामना संपला.

पोरगं तसंच बसून होतं. त्याचे सोबती अंगावर धावून आले. "अजून दोन फूट गेला असतास तर काय पाय मोडला असता काय रं? बसलास कशाला मधीच?" तो म्हणत होता, "झालं हुतं रं, खरंच झालं हुतं." कुणीतरी माझ्या आवाजाची नक्कल केली, "पंधरा आणे!" आणि सगळं मैदान हसलं. बायकांत त्याची आई उठून उभी राहिली. सूप काखेत धरून ती हसणाऱ्यांकडे एकेक करून बघत होती. माझ्याकडेही बघितलं. मी साखळी गुंडाळत होतो.

गोवेकरांनी आपली साखळी सोबत आणली होती, ती गडबडीत राहून गेली. शिपायाने दोन्ही माझ्या घरी आणून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल लावायला म्हणून अंगणात दोन्ही शेजारी पसरल्या, तर त्यांची तीन फूट आखूड. मी संतापलो. बायकोला म्हणालो, "बघ, चोर हायत नुसते! साखळी तोकडी करून खेळत्यात." तसाच सायकलवरून क्रीडाशिक्षकाच्या खोलीवर गेलो.

"तक्रार लिवा," मी म्हणालो. "गोव्याची साखळी तीस फूटच हाय."

तो दात घासत होता. तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "मग बरोबर हाय की, अण्णा. धा यार्ड म्हंजे तीसच फूट. आपली बी तीसच हाय नव्हं?"

दाराला धरून मी उभा होतो. मनात गणित चाललं होतं. पंधरा आणे म्हणजे तीस फूट अकरा इंच. लागत होते तीस. पोरगं अकरा इंच पुढे जाऊन बसलं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "तीसच की."

आणि चहा न घेता परत आलो.

का खोटं बोललो हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एक कारण असं की या भागातल्या शेकडो बांधांवर माझ्या शब्दाचे दगड उभे आहेत. मोजणीदार तीन फुटांनी चुकला असं एकदा बाजारात गेलं असतं, तर ज्यांचा ज्यांचा बांध मागे सरकला होता ते सगळे माझ्या दारात आले असते. शेताला तीच साखळी योग्य आणि खेळाला अयोग्य, हे मी कुणाकुणाला समजावणार होतो? हे कारण खोटं नाही, पण पुरेसं नाही. खरं कारण साधं आहे. मला लाज वाटली. आणि लाज एक दिवस गिळली की दुसऱ्या दिवशी ती आणखी सोपी जाते.

पुढच्या वर्षी क्रीडाशिक्षकाची बदली झाली, हेल्मेटं प्राध्यापकांकडे गेली, खेळ बंद पडला. चालू राहिलं ते टोपणनाव. मुलगा तालमीत जायचा थांबला. त्याच्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी विचारलं म्हणे, "पंधरा आणे म्हणत्यात ते का? काय कमी हाय काय?" लग्न झालं ते बेळगावजवळच्या कन्नड घरात. सासरे निवृत्त कन्नड मास्तर. मला वाटलं, चला, तिथे तरी सुटला.

गेल्या वर्षी मच्छ्याला त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. माझं आमंत्रण त्याची आई स्वतः देऊन गेली. मांडवात माणसं जेवत होती, तो वाढत होता. सासरे खुर्चीवरून म्हणाले, "ए हदिनैदाणे, इकडे ताक आण." कन्नडमध्ये पंधरा आणे. तो ताक घेऊन गेला. कुणी हसलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग माझ्या पानाशेजारी त्याची चार वर्षांची मुलगी येऊन बसली. एका पाहुणीने विचारलं, "बाळ, तुझ्या पप्पांचं नाव काय गं?"

"पंधरा आणे," ती म्हणाली, आणि जिलेबी खायला लागली.

पान तसंच ठेवून मी हात धुवायला उठलो.

पुढच्या रविवारी मी साखळी पिशवीत घालून बसने बेळगावला गेलो, तिथून मच्छ्याला. पिशवी नऊ-दहा किलोची. कंडक्टरने विचारलं, "आजोबा, बैल बांधायला चाललाय काय?" त्याच्या घरी पोचलो तेव्हा तो अंगणात गाडी पुसत होता. बाकीचं काही न बोलता मी म्हणालो, "तुझा टेप आण." तो कारखान्यात तपासणी विभागात आहे. प्रत्येक नग तीन वेळा मोजतो म्हणून सहकारी त्याच्यावर वैतागतात, असं त्याच्या आईने मला मागे सांगितलं होतं.

घरासमोरच्या रस्त्यावर मी साखळी पसरली. त्याने टेप लावला. तेहतीस फूट. मी म्हणालो, "त्या दिवशी मैदानावर हीच हुती. पायजे हुती तीस फुटाची. चूक माझी. आन दुसऱ्याच दिवशी कळलंतं मला."

तो घरात गेला. खडू आणून तीस फुटांवर एक रेघ मारली. मग पंधराव्या आण्यावर दुसरी. दोन्हींच्या मधल्या अकरा इंचांत पाय ठेवून उभा राहिला. चप्पल मावत होती. मागून दूधवाला आला, त्याने घंटा वाजवली. हा हलला नाही. दूधवाला वळसा घालून गेला.

"अण्णा," तो म्हणाला, "म्हंजे माझा अंदाज बरोबर हुता."

"व्हय."

"मी दमून बसलो नव्हतो. झालं म्हणून बसलोतो."

"व्हय रं."

"धा वर्सं मी म्हणालोय, आपल्याला मोजताच येत न्हाई." मग त्याचा आवाज चढला. "एक दिवस बी तुमाला सांगावं वाटलं न्हाई? आमच्या आईनं त्या मैदानाच्या बाजूनं जायचं सोडलं हुतं, म्हाईत हाय?"

मी 'म्हाईत नव्हतं' म्हणालो. तेही अर्धवट खोटं होतं. ती लांबच्या रस्त्याने जाते हे मी रोज बघत होतो.

माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही माफी मागितली नाही. टेप गुंडाळत म्हणाला, "लिवून द्या. तोंडी नको. तुमी कशी हद्द लिवून देत हुता, तसं. सहीनिशी. मराठीत बी आन कन्नडात बी. सासऱ्यांना मराठी वाचाया येत न्हाई."

घरी येऊन आधी क्रीडाशिक्षकाला फोन केला. तो आता कुठल्याशा शाळेत मुख्याध्यापक आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अण्णा, मी नारळ किती फोडले हो!"

कन्नडमधला कागद आधी लिहिला. मराठीतला म्हणजे हा. आकृती काढली, दोन्ही साखळ्या, तीस फुटांची खूण, अकरा इंच, सगळं. खाली सही आणि 'निवृत्त भूमापक'. तो घेऊन पुन्हा मच्छ्याला गेलो. सासरे आले होते. त्यांनी चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचायला लागले. पहिल्याच ओळीत थांबून खिशातून लाल पेन काढलं आणि एक जोडाक्षर सुधारलं. पुढे आणखी एक. दुसरी चूक सुधारताना माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी वर्गात उभा आहे असं वाटलं. वाचून झाल्यावर आकृतीवर बोट ठेवून विचारलं, "मग हा बसला ते बरोबर जागेवर बसला?"

"अकरा इंच पुढं," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी घातली, उघडली, आकृती पुन्हा बघितली. जावई अंगणात मुलीला सायकल शिकवत होता. सासऱ्यांनी दाराकडे बघून त्याला हाक मारली. त्याच्या खऱ्या नावाने.

तो सायकल धरून तसाच उभा. त्यांनी पुन्हा हाक मारली. तो इकडेतिकडे बघायला लागला, कुणी पाहुणा आलाय का म्हणून. शेवटी त्याची बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, तुमालाच बोलवालालेत!"